नऊ शिक्षकांचं एकच प्रमाणपत्र

"मॅडम, मी अपंग आहो काय?" गोटे सरांनी विचारलं.

गोटे सर वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या एका गावच्या अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक. माझ्या ऑफिसचे दोन मजले चढून आले होते आणि त्यांना दमही लागला नव्हता. हातात पिशवी, पिशवीत नऊ पाकिटं. नऊही पाकिटं आयकर खात्याची.

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

"मले तं नाई वाटत. पण ते म्हणून राह्यले."

"ते नाही म्हणत, सर. तुम्हीच तसं लिहून दिलंय. ते फक्त पुरावा मागताहेत."

सर खुर्चीत बसले. मी एकेक पाकीट फोडलं. गणिताचे सर, विज्ञानाचे सर, हिंदीच्या नसरीन मॅडम, क्रीडाशिक्षक. हो, क्रीडाशिक्षकही. नऊच्या नऊ जण कागदोपत्री ऐंशी टक्के अपंग होते.

मी वाशिममध्ये अठ्ठावीस वर्षं लोकांची रिटर्न भरते. त्यामुळे हा प्रकार काय आहे ते मला पाच मिनिटांत कळलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शिक्षकांच्या पगारातून दर महिन्याला कर कापला जातो, त्याला टीडीएस म्हणतात. तो कर सरकारकडे तुमच्या नावावर जमा होतो. वर्षाच्या शेवटी तुम्ही रिटर्न भरता, म्हणजे सरकारला हिशोब देता. हिशोबात तुमचा कर कमी निघाला, तर जास्तीचा परत येतो. तो रिफंड. कर कमी निघावा म्हणून कायद्यात काही सवलती आहेत. त्यातली एक चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी आहे. ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलत आणखी मोठी. म्हणून सगळे ऐंशी टक्के. चाळीस टक्क्यांवर कुणी समाधान मानलं नव्हतं.

"कोणी भरली ही रिटर्न?"

"ते रिफंडवाले साहेब नाई का. एक वर्षी शिरपूरच्या एका लग्नात भेटले होते. सगळ्यायचं एकदम करून देतात म्हणे."

मला माहीत होतं. ही सगळी मंडळी आधी सात वर्षं माझ्याकडे होती. मग एका जुलैत आलीच नाहीत. नंतर बसस्टँडवर गणिताचे सर भेटले तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्याकडून रिफंड येत नाई, मॅडम." येत नाही, कारण निघत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते त्यांना माझं कौशल्य कमी पडल्यासारखं वाटलं. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर ती पाकिटं बघून मला थोडा आनंदही झाला. तो फार टिकला नाही.

कारण नवव्या पाकिटानंतर सरांनी खिशातून दहावा कागद काढला. तो शाळेचा शिपाई उत्तम याच्या नावाचा होता. त्यात रिटर्नबद्दल काहीच नव्हतं. त्याला अमुक तारखेला आयकर खात्याच्या मोठ्या कार्यालयात चौकशीसाठी हजर राहायला सांगितलं होतं.

"ह्याला का बोलावलंय?"

"तेच तं समजून नाई राह्यलं," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी एका शिक्षकाचं खातं आयकराच्या पोर्टलवर उघडलं. नोंदवलेला ईमेल रिफंडवाल्याचा. मोबाईल नंबर ओळखीचा वाटला; शाळेला निरोप द्यायचा तर पूर्वी मी त्यावरच फोन करायचे. दुसरं खातं उघडलं, तिसरं उघडलं. नऊही खात्यांवर तोच मोबाईल होता, उत्तमचा. मग रिटर्नमधला अपंगत्वाचा तक्ता पाहिला. तिथे प्रमाणपत्राचा नंबर लिहावा लागतो. नऊही ठिकाणी नंबर एकच. तो प्रमाणपत्र तपासायच्या साइटवर टाकला, तर नाव आलं उत्तमचं.

खात्याच्या जागेवर बसून बघितलं तर चित्र अगदी स्वच्छ होतं. एक शिपाई आहे. त्याच्याकडे खरं प्रमाणपत्र आहे. त्याच्या फोनवरून, त्याच्या प्रमाणपत्रावर, नऊ खोटे रिफंड निघाले आहेत. मीही त्यालाच बोलावलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाळेत गेले.

शाळेत गेल्यावर मोबाईलचं कोडं सुटलं. त्या शाळेत रेंज एकाच जागी येते, व्हरांड्यात घंटेजवळ. घंटेजवळ उत्तमचं स्टूल आहे. शिक्षक तासाला गेले की ओटीपी, म्हणजे पोर्टल पाठवतं तो खात्रीचा आकडा, कुणाच्याच फोनवर वेळेत पोचायचा नाही. दहा मिनिटांत तो बाद होतो. रिफंडवाला चिडायचा. मग गोटे सरांनीच तोडगा काढला की सगळ्यांना उत्तमचा नंबर द्या. तो दिवसभर रेंजमध्येच असतो.

उत्तम स्टुलावरून उठला. उठताना डाव्या गुडघ्यावर हात दाबतो. लहानपणी पोलिओ झालेला, पाय वाळलेला. वय सत्तावन्न, तीन वर्षांनी निवृत्ती.

"तुम्ही काय करायचे, उत्तमभाऊ?"

"आकडा आला का वहीत लिवायचो, मंग साहेबायले फोनवर सांगायचो. मंग मेसेज मिटवायचा. गोटे सरायनं तसं सांगितलं होतं."

"आणि खात्याचे बाकीचे मेसेज? नोटीस आल्याचे?"

"इंग्रजीत यायचे ते. त्यात आकडा नसे. म्हणून मिटवले."

वही त्याने दाखवली. शाळेत टपाल आलं-गेलं की त्याची नोंद आवक-जावक वहीत होते, ते काम बावीस वर्षं उत्तमकडे आहे. त्याने ओटीपीचीही तशीच वही केली होती. अनुक्रमांक, तारीख, वेळ, नाव, आकडा, 'दिला'. रेघा पट्टीने मारलेल्या. शाळेतला कुठलाच हिशोब इतका नीट नसेल.

"आणि तुमचं प्रमाणपत्र त्या माणसाकडे कसं गेलं?"

"त्यायनंच मांगितलं. म्हणे, उत्तमभाऊ, तुमचं बी करून देतो. म्या फोटो धाडला. मंग म्हणे, तुमचं पुढल्या वर्षी पाहू."

मधल्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये जमले. मी परिस्थिती सांगितली. शिक्षकांना मार्ग होता. चूक कबूल करून नवीन रिटर्न भरायचं, आलेला रिफंड व्याजासकट परत करायचा, वर जादा कर द्यायचा. खिसा दुखेल, पण सुटतील. उत्तमचं तसं नव्हतं. त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, तर निलंबन होणार आणि पेन्शन अडकणार. वय सत्तावन्न आणि पाय हा असा.

मग गोटे सरांनी घसा खाकरला.

"मॅडम, असं करू. उत्तम लिहून देते की फोन त्याच्याजवळ होता. आमाले यातलं काही माईत नवतं. नुसतं तेवढंच. त्याले काय होते? साहेब लोक त्याच्याकडं पायतील अन् समजावून सोडून देतील. आमच्या मांगं लागले तं नऊ जनायची नोकरी आहे."

दाराशी उत्तम पाण्याचा जग घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"त्यात खोटं काय आहे, मॅडम?" तो म्हणाला. "नंबर माह्याच होता. कागद बी माह्याच आहे."

मला संताप आला. गोटे सरांचा नाही, उत्तमचा. माणसाने इतकंही सोयीचं असू नये. मग राग फिरून जिथे जायला हवा तिथे गेला.

"सर, रिफंडवाला कामाचे पैसे घ्यायचा का?"

"घे ना."

"किती?"

"रिफंडच्या दहा टक्के," क्रीडाशिक्षक म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कसे द्यायचात? रोख?"

दोघातिघांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. फोनवरून दिले होते, हे मला न सांगताच कळलं. म्हणजे पुरावा नऊही जणांच्या खिशात होता. पैसे कोणी घेतले, कोणी दिले, कधी दिले, सगळं. तो दाखवला तर उत्तम सुटणार होता, कारण त्याला एक पैसा मिळाला नव्हता. पण तोच पुरावा असंही सांगणार होता, की रिफंड मोठा कसा येतोय हे माहीत नसताना कुणी दहा टक्के मोजत नाही. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे वाक्य त्यानंतर लिहिता येणार नव्हतं.

मी हे सगळं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. जबरदस्ती करणं माझ्या हातात नव्हतं. मी फक्त एवढंच म्हटलं, की ज्याला उत्तमकडून लिहून घ्यायचं असेल त्याने दुसरा सल्लागार बघावा.

घंटा व्हायची वेळ झाली. उत्तम जग ठेवून घंटा द्यायला गेला. त्याचा पाय घासत गेल्याचा आवाज व्हरांड्यात ऐकू येत होता.

"या अल्ला," नसरीन मॅडम म्हणाल्या. त्या वाशिमहून रोज एसटीने येतात. त्यांचे मिस्टर शिलाईचं दुकान चालवतात. रिफंडच्या पैशात त्यांनी नवीन मशीन घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी फोन काढला, चाळला आणि माझ्यापुढे धरला. "हे घ्या. माहा स्क्रीनशॉट काढा. मले माईत होतं का गडबड आहे. समदं नाई, पण होतं."

"नसरीन मॅडम, घाई नोका करू," गोटे सर म्हणाले.

"सर, तो माणूस मले रोज बसस्टॉपपर्यंत छत्री घेऊन सोडते. आता मी त्याच्याच माथी मारू?"

दुसरा फोन गणिताच्या सरांनी पुढे केला. मग एकेक. शेवटचा गोटे सरांचा. त्यांना बराच वेळ ती नोंद सापडत नव्हती. मी थांबून राहिले.

ठरल्या तारखेला मी आणि उत्तम चौकशीला गेलो. अधिकारी तरुण होते, बोलायला कोरडे. नऊ स्क्रीनशॉट, नऊ कबुलीजबाब आणि उत्तमची वही मी पुढे ठेवली. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली.

"हे रोज लिहायचे?"

"हाव साहेब. आवक-जावक."

"प्रमाणपत्र खरं आहे?"

उत्तम खाली वाकून पँट वर करू लागला.

"पाय नको. कागद दाखवा," अधिकारी म्हणाले. उत्तमने कागद दिला. त्यांनी तो पाहिला, मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधलं. "यांचं रिटर्न दिसत नाही."

"भरलेलंच नाही," मी म्हटलं.

"पगारातून कर कापला जातो ना?"

"जातो."

"म्हणजे ह्यांच्या प्रमाणपत्रावर नऊ जणांनी सवलत घेतली आणि ह्यांनी घेतली नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

उत्तमला साक्षीदार म्हणून नोंदवलं, आरोपी म्हणून नाही. वहीची झेरॉक्स ठेवून घेऊन वही त्याला परत दिली. रिफंडवाल्याचा फोन तेव्हापासून बंद आहे, त्याचा शोध आयकर खातं घेतंय. शिक्षकांनी नवीन रिटर्न भरली. गोटे सरांनी हप्ते पडतील का असं तीनदा विचारलं. पडत नाहीत. नसरीन मॅडमनी शिलाई मशीन विकलं नाही, पण बांगड्या मोडल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. माझी फी मी त्यांच्याकडून घेतली नाही, बाकी आठ जणांकडून पूर्ण घेतली.

पुढच्या आठवड्यात उत्तम त्याच्या पगाराचा फॉर्म सोळा, म्हणजे वर्षभरात किती कर कापला त्याचा दाखला, घेऊन आला. वर येतो म्हणाला, तर मी म्हटलं थांबा, मीच खाली येते. खालच्या चहाच्या दुकानात लॅपटॉप उघडून आकडेमोड केली. दर वर्षी त्याचा थोडासा कर कापला जात होता. सवलत लावली असती तर तो शून्य झाला असता. पगार काढणारे गोटे सर ती आधीच लावू शकले असते. मागच्या वर्षांची मुदत आता गेलेली. खोटं दुरुस्त करायला कायद्याने चार वर्षं दिली आहेत. खरं मागायला इतका वेळ मिळत नाही. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, तो मी केला आहे, अजून उत्तर नाही. चालू वर्षाचं मात्र वेळेत होतं.

"उत्तमभाऊ, मला आधी का नाही सांगितलं? सात वर्षं सगळ्यांचे फॉर्म पिशवीत घालून तुम्हीच तर आणायचात. दोन मजले चढून."

"तुमी इचारलं नाई," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, विचारलं म्हणून सांगितलं.

खरं होतं. सात वर्षं मी त्याचा पाय जिन्यावर वाजताना ऐकला. त्याला पाणी दिलं, पावती दिली. त्याच्याकडे प्रमाणपत्र असेल, त्याचाही कर कापला जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सवलतींची सगळी कलमं मला पाठ आहेत. रिफंडवाल्याने निदान विचारलं तरी.

आता माझ्या छापील फॉर्मवर पहिला प्रश्न अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचाच असतो. शिवाय पिशवी घेऊन येणाऱ्याला मी त्याचाही फॉर्म मागते.

रिटर्न भरून झालं. उत्तमचा फोन वाजला. त्याने सवयीने वही काढली, आकडा मला वाचून दाखवला, वहीत लिहिला आणि मेसेज मिटवायला बोट उचललं.

"ठेवा तो," मी म्हटलं. "तुमचा आहे."

त्याने फोन खिशात ठेवला. मग वहीत पट्टीने रेघ मारली. नावाच्या रकान्यात नऊ जणांच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि 'दिला'च्या रकान्यात काय लिहायचं ते मला विचारलं.

"आला," मी सांगितलं.