जानूबायची उभी बाग

जानूबाय गेल्याचा सुनंदाचा निरोप आला तेव्हा मला आधी राग आला. पंधरवड्यापूर्वीच भेटले होते तिला, अंथरुणावरूनच "काय नाय झालं मला" म्हणाली होती धडधडीत... महिना उलटला तरी तो राग पुरता गेलेला नाही.

सालवडच्या चाळीत आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी. ती दातिवऱ्याची कोळीण, नवरा बोईसरला कारखान्यात. चाळीत पाय ठेवायला जागा नाही आणि हिला भाजी लावायची हौस. माहेरून जुनं जाळं आणून तिने मागच्या भिंतीवर ताणलं, त्यात डबे अडकवले आणि पालक, मेथी, मिरच्या लावल्या. दहावीला आपटलेली, नोकरीची वाट बघत बसलेली चाळीतली पोरंपोरी बखोटीला धरून कामाला लावली. डब्याला भोक कुठे पाडायचं, वरच्या डब्याचं पाणी खालच्यात कसं उतरवायचं, सगळं आरडाओरडा करत शिकवायची. सुनंदा त्यातली सर्वांत तयारीची. चाळमालकाने मात्र बजावलं होतं, एक तक्रार आली तरी जाळं उतरवीन.

डबे पोरं भंगारातून आणत. तेव्हा घरोघरी पाणीसुद्धा कारखान्यातल्या कॅनमध्ये भरत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. जानूबाय प्रत्येक डबा नाकाशी धरायची. मासळी ताजी की शिळी हे ओळखणाऱ्या त्या नाकावर तिचा पक्का भरवसा होता. वास नाही म्हणजे डबा चांगला.

एका रविवारी सकाळी पोरांनी पालक कापून घरोघर वाटला. थोड्या वेळाने माझे मिस्टर दात घासत मागे गेले आणि पालक कापल्यावर उघड्या पडलेल्या निळ्या डब्यांपाशी थबकले. असल्या डब्यांना त्यांच्या कारखान्यात उघड्या हाताने शिवायची बंदी होती. आतल्या विषारी औषधाला वास नसतोच, ते म्हणाले. जानूबायचा चेहरा पांढराफटक पडला.

सुनंदा कळवळून म्हणाली, "बाय, कुनाला सांगू नको. गुपचूप डबे काढू, नायतर जाळं जाईल."

"जाऊ दे जाळं. पयली पातेली उतरवा."

आणि ती दारोदार धावली. माझी चूक झाली, भाजी टाका, असं प्रत्येक उंबऱ्यावर स्वतःच्या तोंडाने सांगत सुटली. बहुतेकांची भाजी अजून स्टोव्हवर होती. सुनंदाच्या धाकट्या भावाने मात्र भाकरीबरोबर खाल्लीही होती. डॉक्टरांनी तपासून संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायला सांगितलं. जानूबाय दिवसभर त्याच्या उशाशी, पाण्याचा घोट न घेता. त्याने नुसती कूस बदलली तरी आम्ही उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायचो... दिवेलागणीला तो उठून भूक लागली म्हणाला, तेव्हा ती ढसाढसा रडली.

दुसऱ्याच दिवशी मालकाने जाळं उतरवलं. पोरं तिच्या वाऱ्याला उभी राहीनात. शेवटी सुनंदाच नारळाच्या करवंट्या घेऊन तिच्या दारात येऊन बसली. मग दोघींनी मालकाच्या भिंतीला हात न लावता खिडकीच्या गजांवर पुन्हा सुरुवात केली आणि हळूहळू बाकीची पोरंही परतली.

परवा सुनंदाकडे पालघरला गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गजागजाला करवंट्या टांगलेल्या. तिने पहिला पालक कापला, वाटीभर शिजवला आणि एकटीनेच खाल्ला. मुलं ताटं घेऊन बसली होती, त्यांना म्हणाली, उद्या.

मी म्हटलं, अगं, करवंट्यांत कसलं आलंय औषध?

"बाय करवंट्यांतलं पन पयलं एकटीच खायची," ती म्हणाली. "कुनाला नाय सांगायची. सकाळी बरी उठली, की आमाला सांगायची, तोडा आता."