नुसते ओठ हलव

नोव्हेंबर लागला की आमच्या इंग्लंडातल्या रॉथनशॉ गावच्या मोठ्या दुकानात छताला चंदेरी झिरमिळ्या चढतात, आणि दिवसातून सहा वेळा तेच गाणं लागतं. ‘बर्फा, जरा हळू.’ तिसऱ्या काउंटरवरची जॅनीन हॉल्डन तेव्हा हातातली बटाट्यांची पिशवी तशीच धरून क्षणभर थांबते. रांगेतलं कुणीतरी हटकून म्हणतंच, “लागलं बघ तुझं गाणं, नंबर वन!”

गावात तिला दुसरं नावच उरलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या एका गायकाला नाताळच्या गाण्यासाठी पोरांचे आवाज हवे होते, आणि आमच्या शाळेची बावीस पोरं बसमध्ये बसून गेली. नाताळच्या आठवड्यात रेकॉर्डांच्या विक्रीत कुठलं गाणं पहिलं येणार, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ अबोला धरतात. त्यामुळे त्या पोरांचा थाट काय वर्णावा! जॅनीन नऊ वर्षांची होती. तिचा आवाज जाडा, ठोक, आणि सुरांशी त्याचं कधी पटलंच नाही. स्टुडिओच्या दारात शाळेच्या गाण्याच्या बाई मिस ऑर्मरॉड तिच्यापुढे वाकल्या, तिची रिबीन नीट केली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, “जॅनीन, राणी, तू नुसते ओठ हलव हं. कुणाला कळायचं नाही.”

खरंच कळलं नाही. टीव्हीवर बाकीची पोरं सूर सांभाळताना तोंडं वेडीवाकडी करत होती. जॅनीनला सांभाळायला काहीच नव्हतं. ती इतकी छान तोंड उघडत होती की कॅमेरा तिच्यावरून हलेना. रविवारी रेडिओवर यादीतलं शेवटचं, म्हणजे पहिल्या नंबरचं नाव जाहीर झालं तेव्हा सगळी गल्ली सपाता घालूनच रस्त्यावर आली. गाणं पहिलं होतं आणि त्याचा चेहरा होती आमची जॅनीन.

तिची आई हिल्डा सपातांच्या कारखान्यात तळ चिकटवायची. तिनं रेकॉर्ड कारखान्यात नेली, बायकांना गप्प बसवलं. “दुसऱ्या कडव्याला कान द्या. तो बघा, तो माझ्या पोरीचा आवाज.” जॅनीन शेजारी लालबुंद होऊन उभी होती. तेव्हाच बोलली असती तर एका धपाट्यात भागलं असतं. बोलली नाही, आणि मग दरवर्षी ते बोलणं जास्तच अवघड होत गेलं.

गाणं मात्र तिनं टाकलं ते टाकलंच. आधी आंघोळीला बसली की शेजारच्यांनी भिंत ठोकावी इतकी गायची. त्यानंतर चर्चमध्ये, वाढदिवसांना, लग्नांत, सगळीकडे नुसते ओठ. पोरांना तिनं अंगाई म्हटली नाही. नवरा चिडवायचा, “स्टार बाई फुकट गात नसतात.” त्या ऑर्मरॉडबाईंचा मला अजून राग येतो.

पण डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं. दुकानाच्या काचेबाहेर धुकं उतरतं, त्यात नगरपालिकेचे रंगीत दिवे विरघळायला लागतात, आणि गाणं सुरू झालं की जॅनीन बसमध्ये असते. काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या, कुणीतरी बोटानं त्यावर घोडा काढलेला. सगळी पोरं गात असतात आणि तीही गात असते, मोठ्यानं, आणि मिस ऑर्मरॉड हसून मान डोलवत असतात. बस मँचेस्टरला पोचतच नाही. मग रांगेतलं कुणी खाकरतं, आणि ती लगबगीनं बटाटे पुढे सारते.

यंदा हिल्डा सत्त्याऐंशीची झाली. डोळे पार गेलेले, काळीज थकलेलं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात डॉक्टरांनी जॅनीनला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा नाताळ धरू नका. तिनं आईला विचारलं, “नाताळला काय आणू तुला?”

“मला काही नको. माझ्या शेजारी बसून ते गाणं म्हण.”

“घसा बसलाय गं आई.”

“दर नाताळला बरा बसतो तुझा घसा!”

तीन आठवडे तिनं सबबी सांगितल्या. झोप उडाली. आयुष्यभर गोंदाच्या वासात काढलेल्या या बाईकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. जाता जाता तीही हिसकावून घ्यायची? शेवटी तिनं ठरवलं, रेकॉर्ड मोठ्यानं लावायची आणि आजवर केलं तेच करायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे म्हातारे कागदी मुकुट घालून दिवाणखान्यात बसले होते. मांडीवर नाताळच्या गोड पेस्ट्रीचा भुगा, खिडकीबाहेर धुकं. तिथल्या मदतनीस पॉलेटनं गाणं लावलं आणि टाळी वाजवली. “चला नंबर वन, होऊन जाऊ द्या!”

जॅनीन आईला खेटून बसली आणि ओठ हलवायला लागली. काय सुरेख हलवत होती! सगळे तिच्याकडे पाहतच राहिले. कोपऱ्यातल्या मिस्टर विगननी तर डोळे पुसले. ही सगळी करामत बघणाऱ्यांसाठी होती, एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही.

हिल्डानं हात पुढे केला, चाचपडत लेकीच्या गालावर आणला. बोटं हलत्या ओठांवर ठेवली, आणि आपला कान अगदी जवळ नेला. पहिलं कडवं तसंच गेलं. मग म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मोठ्यानं म्हण की गं,” ती म्हणाली. “बाकीची सगळी पोरं मला पाठ झालीयेत. चाळीस वर्षं त्या रेकॉर्डला कान लावून बसते मी. तू तेवढी कुठे सापडत नाहीस.”

जॅनीनचे ओठ थांबले. आई कारखान्यात, गल्लीत, सगळ्यांना शपथेवर सांगत होती, आणि तिला स्वतःला त्या रेकॉर्डवर लेकीचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. जॅनीनला रडू फुटलं.

“आई, माझा आवाज वाईट आहे गं.”

“मला सांगतेस? ती आंघोळ मी ऐकलीये,” हिल्डा म्हणाली. “म्हण. तोच हवाय मला.”

जॅनीननं दुसरं कडवं धरलं. जाड, फाटका, रडका आवाज, निम्म्या ओळीतच सुराच्या बाहेर. मिस्टर विगननी हळूच कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. पॉलेट गाणं बंद करायला उठली, पण हिल्डानं हातानंच तिला खाली बसवलं. रेकॉर्ड संपली तेव्हा जॅनीन अजून दोन ओळी मागेच होती. त्या दोन्ही तिनं एकटीनं म्हटल्या, आणि आईचा कान शेवटपर्यंत तिच्या तोंडाशी होता.