आतल्या बाजूचं अक्षर

माझ्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात साखर कारखान्यांचे, पंपांचे भाग होतात. तिथं एक दिवस कॉलेजची पोरगी नकाशा घेऊन आली, कुरुंदवाडची. "काका, उपग्रहाचा सांगाडा पायजे. अॅल्युमिनियमचा, वीतभर बी न्हाय." मला ती थट्टाच वाटली.

सोबतचे सर फार गोड बोलत होते. गोड बोलणाऱ्यांपासून मी जरा लांबच असतो. सांगाड्यावर कसलीही खूण नको, असं त्यांनी दोनदा बजावलं. आमच्याकडं प्रत्येक जॉबवर वर्कशॉपचं अक्षर पंचानं ठोकायची पद्धत, वडिलांपासूनची. मनात शंकेची पाल चुकचुकली. का नको, हे काही मी विचारलं नाही. उद्या ही माणसं सांगाडा परदेशातून आणला म्हणून सांगणार आणि आमचं नावसुद्धा घेणार नाहीत, हे मी ठरवूनच टाकलं. त्यात ती पोरगी येऊन व्हर्नियरनं एकेक बाजू तीन-तीनदा मोजायची.

"माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

"तसं न्हाय काका," म्हणायची आणि परत मोजायची.

शेवटचं मोजून, उद्या नेते म्हणून ती गेली. मग मी पंच काढला आणि आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, अक्षर ठोकलं. फार बरं वाटलं.

आठवड्यानं दोघं सांगाडा घेऊन परत आले. ज्या पेटीतून उपग्रह अवकाशात ढकलतात, तिच्या नमुन्यात तो एका कोपऱ्याला अडकत होता. सर आता गोड बोलत नव्हते. "हिचं माप चुकलंय. हिला या कामातून काढतोय," म्हणाले. पोरगी मान खाली घालून म्हणाली, "व्हय काका, माझंच चुकलं असणार."

मी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, तर माझ्या अक्षराच्या बरोब्बर मागं बारीक उंचवटा लागला. पातळ भिंतीला आतून ठोकलं की बाहेर फुगवटा येतो, हे मीच कामगारांना शिकवत आलो. मी सगळ्यांवर संशय घेतला होता. माझ्यावर कुणीच घेतला नव्हता. मला भयंकर लाज वाटली.

"तिचं न्हाय चुकलं. ह्ये मी ठोकलंय," म्हटलं आणि अक्षर दाखवलं.

दुसरा सांगाडा मी कामगारांवर न सोडता स्वतः केला. न्यायला तीच आली. हातात घेतला आणि न मोजताच पिशवीत घालायला लागली.

"ठेव खाली!" मी ओरडलोच. "मोज आधी. आतनं बी हात फिरव."