गुरुमूर्तीच्या काचेवरच्या आज्या

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत एके काळी कुजबुज होती, की फोटोवाला गुरुमूर्ती लोकांच्या आज्या परदेशी विकतो. एका गोऱ्या बाईच्या हातात त्याने पाकीट ठेवलेलं गल्लीतल्या राजमने पाहिलं होतं. आणि राजमने पाहिलं म्हणजे संध्याकाळच्या कॉफीपर्यंत अख्ख्या तंजावरने पाहिलं.

गुरुमूर्तीचे वडीलही फोटोग्राफरच. आमच्या मराठी घरांतली लग्नं, बारशी, भजनं त्यांनी टिपलेली. त्या काचेच्या निगेटिव्ह दुकानाच्या माळ्यावर होत्या. दमट हवा त्यांना खात चालली होती. कुठे नवरदेवाचं पागोटं सुटून आलेलं, कुठे वरमाईचं नाकच गेलेलं. (तिचं एरवीही फारसं उरलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.)

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मद्रासची एक कंपनी आली. सगळ्या काचा फुकट कॉम्प्युटरवर चढवून देतो म्हणाली. अट एकच, पुढे फोटो मिळेल तो कंपनीकडूनच. गुरुमूर्ती कबूल होत आला होता. काचा वाचत होत्या ना!

तेवढ्यात शेजारच्या कनकलताक्का दुकानात शिरल्या. "माझ्या अंबाआजीच्या श्राद्धाला फोटो लागला तर?"

"अर्ज करा, मॅडम. परवानगी मिळेल," कंपनीचा माणूस म्हणाला.

"अय्यो! आजी माझी आणि परवानगी तुमची? तिच्या लग्नात होता का तुम्ही, वाढपी म्हणून तरी?"

गुरुमूर्तीने कंपनीला नकार दिला. माणूस गेला, त्याच्याबरोबर काचा टिपायचं मशीनही गेलं. काचा झडतच होत्या. शेवटी अमेरिकेहून सुटीवर आलेल्या गल्लीतल्याच राजगोपालचा डिजिटल कॅमेरा गुरुमूर्तीने मागून घेतला, खिडकीवर स्वतःची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, ताणून बांधली आणि एकेक काच उजेडात धरून टिपली. सीड्या केल्या नि सांगून टाकलं: हवी त्याने न्यावी, छापावी, कुणाला विचारू नये.

अक्का पुन्हा हजर. "कुणीही म्हणजे? परकेसुद्धा?"

"परकेसुद्धा, अक्का. तुम्हाला कुणाची परवानगी मागावी लागू नये, तर कुणालाच लागू नये."

अक्कांनी अंबाआजीची काच उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "बरं. पण खाली नाव घाल. अंबा म्हणून. 'तंजावरची जुनी बाई' असं कुणी लिहिलं तर बघ!"

त्याने नावं घातली. ठाऊक नव्हती ती घरोघर जाऊन विचारली. मला विचाराल तर आपली माणसं जगभर हिंडलेली बरी; माळ्यावर त्यांना भेटायला आम्ही तरी कुठे जात होतो?

गोऱ्या बाईच्या पाकिटात सीडी होती. गुरुमूर्तीने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. तो कुणाकडूनच घेत नसे.