धास्तीमामा आणि ओलं पोतं

धास्तीमामांनी दुरुस्त केलेली गाडी त्यांच्या लेखी कधीच दुरुस्त झालेली नसे. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, ड्रायव्हर खूश होऊन निघायचा, पण मामा म्हणणार, "सध्यापुरतं चालू हाय." गाडी वळणाआड गेली तरी ते रस्त्यात उभे राहून आवाजाकडे कान देत. मग त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला अडवून विचारायचं, अमक्याची गाडी कुठं बंद पडलेली दिसली का? तो नाही म्हणाला की काळजी मिटण्याऐवजी वाढायची. दिसली नाही, म्हणजे गेली कुठं?

सिरसाळ्यात परळीच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रकचे मीटर आणि वायरिंग, एवढंच काम. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वायरी जोडलेला एक बल्ब कायम गळ्यात लोंबत असायचा. वायरीत करंट आहे की नाही हे ते तो बल्ब लावून बघत, आणि तो पेटला तरी बल्बच खराब असेल म्हणून दुसरा लावून बघत. गाडीतल्या काट्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नव्या ड्रायव्हरला ते दरडावून सांगायचे, "काट्याचं ऐकू नको बे. खाली उतर, हात लावून बघ."

घरीही तेच. मामी माहेरी निघाल्या की मामा एसटीच्या ड्रायव्हरला खाली उतरवून मागचे दिवे बघायला लावायचे. लग्नाला गेले तर पंगत सोडून मांडवाच्या वायरीखाली उभे. मामी चिडून म्हणायच्या, या माणसाला जेवताना घास उतरतो हेच नवल. आम्ही हसायचो. हसण्याचे दिवस होते तोवर हसलो.

मी आमच्या वाडीच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीचा एक जुना ट्रक होता आणि तो माझा चुलतभाऊ लिंबाजी चालवायचा. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. जनावरं छावणीवर गेली, दूध आटलं, तेव्हा संचालकांनी ट्रकवर लोखंडी टाकी बसवली आणि दुधाचा ट्रक पाण्याचा टँकर झाला. लांबच्या एका विहिरीवरून भरून आणायचं आणि आमच्या वाडीसह तीन वाड्यांना वाटायचं. लिंबाजीला हे काम मिळालं याचा मला कोण आनंद झाला होता. त्याआधी कितीतरी वर्षं तो बायकोसह ऊसतोडीला जायचा. ट्रकची किल्ली हातात आली त्या दिवशी त्यानं कोयता आढ्याला खोचून ठेवला आणि बायकोला सांगितलं, आता हा खाली काढायचा नाही.

टाकी पुढच्या डाव्या कोपऱ्यात झिरपायची. वेल्डिंगवाल्यानं दोनदा हात टेकले. पाणी वाया जातं हे लिंबाजीला बघवेना. त्यानं त्या कोपऱ्याखाली एक पोतं गुंडाळून घट्ट बांधलं. झिरपलेलं पाणी पोत्यात मुरायचं आणि वाडीत आल्यावर बायका ते पोतं पातेल्यात पिळून शेळ्या-कोंबड्यांना पाजायच्या. सगळ्या वाडीला त्या पोत्याचं कौतुक होतं. मीसुद्धा दहा जणांना सांगितलं असेल, की बघा, आमचा लिंबाजी थेंब सोडत नाही.

आणि मग डिझेलचा काटा खाली जायला लागला.

डिझेलची टाकी भरून निघावं आणि विहिरीवर पोचेतो काटा अर्ध्याखाली. परत येताना तर तळाला टेकलेला. चेअरमनसाहेब एक दिवस पाहणीला म्हणून लिंबाजीशेजारी बसून गेले आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या बैठकीत त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "डिझेल कुठं जातंय, लिंबाजी?" लिंबाजी म्हणाला, काटा खराब असेल. टाकीत काठी घालून बघा म्हणाला, तर कुणीतरी हसलं, आत्ता भरून आणलं असशील. मी त्याचा भाऊ, म्हणून मी बोललेलं कुणी धरेना. ठरलं असं, की बाजाराच्या दिवसापर्यंत काय ते सिद्ध कर, नाहीतर किल्ली ठेव.

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही विहिरीवरून भरलेला टँकर तसाच मामांच्या दुकानापुढं उभा केला. मामांनी सीट काढली, डॅशबोर्ड उघडला आणि वायरींच्या गुंत्यात डोकं घातलं. मीटर बदललं, काटा खालीच. डिझेलच्या टाकीतला तरंगता गोळा काढून साफ केला, काटा खालीच. वर आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. इंजिनची गरमी दाखवणारा काटाही थंडच्या खुणेवर निपचित पडला होता. मामांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, मामा, गरमीचं राहू द्या, डिझेलचं बघा, याच्या पोटाचा प्रश्न आहे. ते माझ्यावर खेकसले, "डिझेलच्या काट्यानं नोकरी जाईल, सेक्रेटरी. ह्या काट्यानं इंजिन जाईल. मंग तीन वाड्या काय पिणार?"

दुपार टळत आली तरी दोष सापडला नाही. मामांनी ते सरळ कबूल केलं आणि वर गाडी सोडायलाही नकार दिला. तिकडं वाडीत बायका घागरी मांडून बसलेल्या. मी वैतागलो. उद्या बाजार, आज पाणी पोचलं नाही तर चेअरमनला आणखी एक निमित्त. शेवटी मामा दुकानाला कुलूप लावून स्वतःच केबिनमध्ये चढले. वाटभर ते पुटपुटत होते आणि लिंबाजी स्टिअरिंग इतकं आवळून बसला होता, की त्याच्याशी बोलायची मला भीती वाटली.

वाडीच्या अलीकडच्या चढावर मामा ओरडले, थांबव. काटा थंडच होता. मामांनी खाली उतरून बॉनेटला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. रेडिएटर तापून फणफणला होता. काटा थंड आहे म्हणून लिंबाजीनं किती दिवसांत त्यात पाणीच घातलं नव्हतं. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.

निवेपर्यंत थांबलो. मग प्रश्न आला पाण्याचा. पाठीवर टाकीभर पाणी, पण लिंबाजी तोटीला हात लावू देईना. "ते वाडीचं हाय, दादा. आधीच मला चोर म्हनायलेत." मग त्यालाच सुचलं, की पोत्यातलं घेऊ, ते आपल्या मेहनतीचं आहे. त्यानं पोतं सोडलं आणि आम्ही दोघं ते डब्यात पिळू लागलो. मामा मात्र पोतं निघालं त्या जागी वाकून बघत राहिले होते.

तिथं, पोत्याच्या बरोबर मागं, बॅटरीची जाड अर्थिंगची वायर ट्रकच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली होती. महिनोन्‌महिने ओल्या पोत्याखाली राहून ती हिरवी पडली होती, गंजून सुटत आली होती. करंटची परतीची वाटच तुंबलेली. दोन्ही काटे त्यामुळंच खाली पडत होते. सकाळी सेल्फ मारताना गाडी कण्हायची, ते आम्ही बॅटरीच्या म्हातारपणावर ढकललं होतं.

मामांना आनंद झाला असेल असं मला वाटलं. पण ते बोल्ट खरवडत हळू आवाजात म्हणाले, "पानी वाचवायला बांधलं रं लेकरानं."

दुसऱ्या दिवशी बाजार सोडून मामा सोसायटीसमोर हजर. सगळे संचालक डॅशबोर्डभोवती जमले. मामांनी बोल्ट सैल केला, डिझेलचा काटा बसला. आवळला, काटा वर चढला. पुन्हा सैल, पुन्हा खाली. पुन्हा आवळला, पुन्हा वर. चेअरमनसाहेब म्हणाले, "बरं झालं, सापडलं." चहा आला. कुणीतरी पोत्यावरून विनोद केला, सगळे हसले आणि किल्ली लिंबाजीच्या हातातच राहिली. मला सुटल्यासारखं झालं.

पुढचा पावसाळाही नुसता भुरभुरून गेला. दसऱ्यानंतर एक दिवस लिंबाजीनं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि टोळीबरोबर ऊसतोडीला निघाला. मी समजावलं, रागावलो, त्याच्या बायकोला मध्ये घातलं. तो आढ्यातून काढलेल्या कोयत्याला धार लावत राहिला. टोळीचा ट्रक निघायच्या दिवशी मामा सिरसाळ्याहून आले. ट्रकचे दिवे तपासले, वायरी ओढून पाहिल्या, मग संसार चढवणाऱ्या लिंबाजीला त्यांनी विचारलं, "कावून चाललास? दोष सापडलाय की."

"सापडला, मामा," लिंबाजी म्हणाला. "काटा वर आला तवा समदे काट्याकडं बघत होते. माज्याकडं कुनीच बघितलं न्हाई."

मामांनी त्याच्या हातातलं बोचकं घेऊन ट्रकवर चढवलं. मग म्हणाले, "म्या बी न्हाई बघितलं."

ट्रक गेला. त्या हिवाळ्यात मामा खचत गेले. छातीत दुखायचं, तरी दुकानात येऊन बसायचे आणि उसाच्या पट्ट्यातून येणारा एकही ट्रक तसा जाऊ द्यायचे नाहीत. वायरिंग बघायचं निमित्त करायचे, आणि विचारायचे ते लिंबाजीचं. जेवतो का, बायको बरी आहे का, मुकादम नीट वागवतो का. टोळ्या परतायच्या थोडं आधी ते गेले. बीडच्या दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

टोळी परतली त्या दिवशी लिंबाजी सिरसाळ्यात उतरला तो पेटी-बोचकी रस्त्यावरच टाकून थेट मामांच्या दुकानाकडं आला. त्याला न्यायला आलेला मी तिथंच होतो. कुलूप पाहून त्याला कळलं. तो पायरीवर बसला आणि त्यानं विचारलं, "दादा, माजं काही इचारत होते का?"

"रोज," मी म्हणालो.

मग तो हमसून हमसून रडला. त्या साऱ्या प्रकरणात मी त्याला कधीच रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्याकडं बघत राहिलो.