मामांचं नाण्याएवढं भिंग

मामींचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होते. "तुये मामा गेले वं. चहा घेतला, अन् बसल्या बसल्याच..." पिशवी तिथंच ठेवून मी निघाले. दीड महिना झाला त्याला. रडू ओसरलंय, आणि मामा आठवले की आता हसूच जास्त येतं, माणूसच तसा हट्टी होता.

मामा उमरेडचे विणकर. माग बंद पडल्यावर नागपुरात येऊन रेशमी साड्यांचं रफू करू लागले. त्यांना बाहेरचा धागा चालत नसे, त्याच साडीच्या खोचायच्या टोकातून उपसलेला हवा. पंच्याहत्तरीत नजर मंदावली, आणि नेमकी तेव्हाच त्यांनी माझ्या लग्नासाठी विणलेली साडी खिळ्याला अडकून फाटली. मी ती दुसऱ्या कुणाकडे देईन या धास्तीनं त्यांनी बाजारातून बशीएवढं भिंग आणलं. दोन दिवस झटले, तरी धागे सुटे दिसेनात. सगळी चिडचिड मामींवर निघाली.

शेवटी मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं नाण्याएवढं, पण चांगलं फुगीर भिंग पुढं केलं. मामांना ती थट्टाच वाटली.

"एवढंसं काहून देऊन राहिले? मले मोठं पाहिजे."

"काका, भिंग मोठं असलं तं जागा जास्त दिसते, धागा नाही. फुगवटा पाहा. डोळ्याले लावा अन् कापड जवळ आणा."

मामांनी सदऱ्याची बाही पार नाकाशी आणली. मग हळूच मला म्हणाले, "उभे-आडवे मोजता येऊन राहिले ना वं."

त्यानंतर घरातलं काही सुटलं नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख, तांदळातले सोंडे, मामींच्या बोटात गेलेलं कुसळ. माझ्या साडीला मात्र तीन आठवडे लागले. साडी हातात देऊन म्हणाले, "सांग बरं, कुठं फाटली होती?" मला सांगता येईना. त्या आनंदात त्यांनी दुसरा चहा मागितला, तोही साखरेचा.

परवा मामींनी ते भिंग मला दिलं. घरी येऊन साडी उलगडली, भिंग डोळ्याला लावलं आणि इंच इंच पाहत गेले. रफू सापडलं. वीण सुरेख मिळून आली होती, फक्त एका धाग्याचं टोक कापायचं राहिलं होतं, अर्ध्या तांदळाएवढं. मामांना ते भिंगातूनही दिसलं नव्हतं. कात्री आणली, टोकाशी नेली आणि परत ठेवून दिली. रविवारी तीच साडी, तशीच, नेसून मी मामींकडे जेवायला गेले.