वखारीवरची लिफ्ट

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात. सेकंदकाका आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला हवेत पाहायचे. काकांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. जिन्याखालचं दुकान इतकं अरुंद, की एक गिऱ्हाईक वळलं की दुसऱ्यानं बाहेर जायचं. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून वाकलेला हा माणूस रविवारी ग्लायडिंग क्लबात गेला की ताठ व्हायचा. वीस वर्षं उडत होते. बेकरीत काम करणाऱ्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी त्यांनीच हौसेनं शिकवलं, आणि तिथंच फसले.

यंदा हवेनं मान टाकली होती. महिनाभर आभाळाला पातळ पांढरा पडदा. जमीन तापेना, आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, क्लबाच्या भाषेत 'लिफ्ट', ती नावापुरती उरलेली. विंच नावाच्या यंत्रानं तार ओढून बिनइंजिनाचं ग्लायडर वर न्यायचं, तार सोडायची, की सहा मिनिटांत परत गवतावर. काका सहा, क्लबात उडायला शिकवणारे मास्तरसुद्धा सहा. बहीण मात्र चोवीस! वर म्हणायची, "मला कुठे काय येतं रे दादा, नुसती गोल गोल फिरते." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्यात मास्तरांनी जाहीर केलं, "रविवारपर्यंत जो अर्धा तास वर टिकेल, तो क्लबातर्फे स्पर्धेला जाईल." काका एकदाही स्पर्धेला गेले नव्हते. वय छप्पन्न, चष्म्याचा नंबर चढता. पुढच्या वर्षी डॉक्टर उडायला परवानगी देतील याचा भरवसा नव्हता.

रविवारी काकांना लाकडाच्या वखारीच्या पत्र्यांवर लिफ्ट सापडली. अगदीच अशक्त. पण काकांनी ग्लायडर कलतं ठेवून फेरे धरले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. काका एकटेच गालात हसले.

तेवढ्यात मैदानापलीकडे, खाली, बहिणीचं ग्लायडर दिसलं. कुणी फेरे घेताना दिसलं की जो तो तिकडेच धावतो, कारण लिफ्ट आयती सापडते. 'आता ही येणार आणि माझ्याच हवेत माझ्या डोक्यावर चढून बसणार!' काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि या शहाण्या माणसानं काय करावं? पंख सरळ केले आणि इथं काहीच नाही असा आव आणून निघून गेले. ती उतरली की परत यायचं, असा बेत.

ती उतरली. काका परत आले. वखारीवर हवा गपगार. सत्ताविसाव्या मिनिटाला त्यांचं चाक गवताला टेकलं.

बहीण धावत आली. "किती छान चढत होतास! मी मुद्दाम लांब राहिले, म्हटलं आज दादाला मोकळं सोडावं. मग सोडून का आलास?"

'संपली गं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"संपली नव्हती," काका म्हणाले. "तू येशील म्हणून सोडली."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

दिवसाचं एकच उड्डाण उरलं होतं, आणि पाळी तिची होती. "तू जा दादा," ती म्हणाली.

काकांना जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पण एवढं ऐकल्यावर तिच्या जागी बसायला पाय उचलेना. "पाळी तुझी आहे. वखारीच्या पलीकडच्या टोकावर बघ," ते कसंबसं म्हणाले. "तिथली लिफ्ट येते-जाते. धीर धर."

मास्तरांनी वेळ मोजायचं काम काकांकडेच दिलं. बहीण थेट वखारीवर गेली आणि फिरू लागली. तिचा एकेक फेरा काकांना टोचत होता. 'पड आता, पड,' असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा स्वतःचीच लाज वाटली. अठ्ठावीस. एकोणतीस.

"तीस!" काका ओरडले. जळफळत ओरडले, पण बरोबर वेळेवर ओरडले.